आधी श्वास, मग दूध : नवजात बाळाचं गिळणं कसं तपासावं

नवजात विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला, निवासी डॉक्टरला किंवा स्पीच थेरपिस्टला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न ऐकू येतो : ‘किती मिली घेतलं?’ तक्त्यात रकानाही त्याचाच असतो. पण गिळण्यातली अडचण शोधायची असेल तर हा आकडा फारसा कामाचा नाही. ४० मिली संपवलेल्या बाळाच्या श्वासनलिकेत त्यातलं थोडं दूध उतरलेलं असू शकतं. १५ मिलीवर थांबलेलं बाळ अगदी व्यवस्थित पिऊन, दमून झोपलेलं असू शकतं. दूध पिताना श्वासाचं काय होतंय ते बघायला शिकलात की ही तपासणी निम्मी आली.

घशात दूध आणि हवा यांची वाट एकच आहे. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, श्वास अर्ध्या ते एका सेकंदासाठी थांबतो, दूध अन्ननलिकेत उतरतं आणि मग बहुतेक वेळा उच्छ्वासाने श्वास पुन्हा सुरू होतो. भरात आलेलं, पूर्ण दिवसांचं बाळ सेकंदाला साधारण एकदा चोखतं. म्हणजे मिनिटभरात कितीतरी वेळा श्वास तोडायचा आणि पुन्हा जोडायचा. आता ज्या बाळाचा श्वास दूध न पिताच मिनिटाला ७० आहे, त्याच्या एका श्वासाला पुरता एक सेकंदही मिळत नाही. त्यात गिळणं बसवणार कुठे? श्वास ६० च्या वर गेला की सावध व्हायचं आणि ७० च्या वर तोंडाने पाजायचं नाही, असा जो नियम बऱ्याच विभागांत दिसतो, त्यामागे हा साधा हिशोब आहे.

दोन बाळं, दोन वेगळे प्रश्न

गर्भातलं बाळ पहिली तिमाही संपता संपता गिळायला लागतं. दिवस भरत आलेला गर्भ रोज अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त गर्भजल गिळतो. एवढा सराव असूनही अपुऱ्या दिवसांचं बाळ बाटलीवर अडखळतं, कारण पोटात असताना गिळण्यासोबत हवा आत घ्यायची नव्हती. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिघांची सांगड ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागते. ती पक्की व्हायला ३७ आठवडे उजाडतात, काही बाळांना त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून अशा बाळाकडे बघताना पहिला प्रश्न असतो, ‘याची वेळ आली आहे का?’

पूर्ण दिवसांच्या बाळाबाबत हा प्रश्न विचारायचा नाही. त्याची वेळ झालेली आहे. ते पीत नसेल तर प्रश्न एकच : ‘काय बिघडलंय?’ जंतुसंसर्ग, रक्तातली साखर उतरणं, हृदयाचा जन्मजात दोष, जन्मावेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, स्नायूंचा किंवा चेतासंस्थेचा आजार, तोंडाची वा श्वासमार्गाची सदोष रचना, यांतलं काहीही ‘बाळ नीट पीत नाही’ एवढ्या एकाच तक्रारीने समोर येऊ शकतं. काल छान पिणारं बाळ आज मलूल होऊन तोंड फिरवत असेल तर गिळण्याची तपासणी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना बोलवा. हिरवी उलटी झाली तरी तेच करायचं.

यांच्या मधली बाळं सगळ्यात फसवी असतात. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ दिसायला गुटगुटीत, वजन बरं, ठेवलेलंही आईजवळच. त्यामुळे सगळे त्याला पूर्ण दिवसांचं समजून वागवतात. ते दोन-चार मिनिटं लुचतं, पेंगतं, आणि ‘झोपाळू आहे हो’ म्हणून सोडून दिलं जातं. दोन दिवसांनी कावीळ वाढलेली आणि वजन उतरलेलं. उलट, अपुऱ्या दिवसांचं बाळ ४० आठवडे ओलांडूनही नळीने दिलेल्या दुधावरच असेल, तर ‘येईल हळूहळू’ म्हणणं थांबवून दुसरा प्रश्न हाती घ्यायला हवा.

पायरी १ : आधी फाइल, मग आई

फाइलमध्ये दोन वयं शोधा : जन्मावेळचं गर्भवय आणि आजचं. २८ आठवड्यांना जन्मलेलं, आता पाच आठवड्यांचं बाळ म्हणजे ३३ आठवड्यांचं बाळ. अपेक्षा त्या वयाच्या ठेवायच्या. गरोदरपणी गर्भजल फार जास्त होतं का ते बघा. बाळ पोटात नीट गिळत नसलं किंवा अन्ननलिकेची वाट बंद असली तर पाणी साचतं. जन्मानंतर लगेच रडलं का, व्हेंटिलेटरवर किती दिवस होतं, तोंडात-नाकात नळी किती काळ होती, हे नोंदवा. हृदयाची किंवा जन्मानंतर मिटायला हवी ती हृदयाजवळची धमनी उघडी राहिल्यास ती बांधण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर डाव्या स्वरतंतूची नस दुखावलेली असू शकते. घोगरं, हवा गळाल्यासारखं रडणं ही तिची खूण. झटक्यांसाठी दिलेल्या औषधांनी किंवा आईला बाळंतपणात दिलेल्या मॅग्नेशियम सल्फेटनेही बाळ सुस्त राहतं.

वजनाचा आलेख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या दिवसांत १० टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं आणि दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं. पुढे पूर्ण दिवसांच्या बाळाचं वजन रोज २० ते ३० ग्रॅमने वाढतं. लहान, अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडून किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅमची अपेक्षा असते.

आता आईशी बोला, आणि प्रश्न थेट विचारा. एका वेळी पाजायला किती वेळ लागतो? अर्ध्या तासाच्या वर रोजच जात असेल तर काहीतरी अडतंय. पिताना कपाळावर घाम येतो का? येत असेल तर हृदयाकडे लक्ष द्या. दूध नाकातून येतं का? ठसका पिताना लागतो की पिऊन झाल्यावर? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. पिता पिता काळंनिळं होणारं बाळ बहुधा गिळण्यात अडतंय. पाजून अर्ध्या तासाने आडवं केल्यावर त्रास होत असेल तर पोटातलं दूध वर येत असण्याची शक्यता जास्त. हा नियम सरसकट लागू होत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते तो सांगतो.

पायरी २ : हात न लावता पाच मिनिटं

पाळण्याशी उभे राहा आणि नुसतं बघा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, नवजात बाळाचा श्वास तालात चालत नाही. बरगड्यांखाली खड्डे पडतात का, नाकपुड्या फुलतात का, श्वासाला आवाज आहे का? श्वास आत घेतानाचा चिरका आवाज पालथं केल्यावर कमी होत असेल तर स्वरयंत्राचा मऊपणा डोक्यात ठेवा. स्वस्थ पडल्यावर निळं पडणारं आणि रडल्यावर गुलाबी होणारं बाळ दिसलं तर नाकाची मागची वाट बंद आहे का ते आधी तपासा. रडताना ते तोंडाने श्वास घेतं, म्हणून सुधारतं.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तोंडातून फेसाळ लाळ सतत येत असेल तर एक थेंबही पाजू नका. पोटात नळी उतरते का ते आधी बघायला हवं. ती साधारण १० सेंटीमीटरवर अडली तर अन्ननलिका अपुरी असण्याची दाट शक्यता आहे आणि क्ष-किरण चित्र तातडीने लागतं.

बाळ जागं आहे का, हातपाय अंगाशी घेतलेले आहेत की लुळे पडलेत, हेही याच पाच मिनिटांत कळतं. मॉनिटरवरचे ठोके आणि ऑक्सिजनची पातळी लिहून ठेवा. पाजताना काय बदललं हे सांगायला आधीचा आकडा लागतो.

पायरी ३ : तोंड आणि चेहरा

थेट तोंडात बोट घालू नका. ज्या बाळाच्या तोंडाशी आजवर फक्त नळ्या, चिकटपट्ट्या आणि सक्शन आलंय, ते बोट जवळ येताच आखडतं. गालापासून सुरुवात करा, मग ओठ, मग हिरड्या. गालाला स्पर्श केल्यावर बाळ तिकडे वळून तोंड उघडतं का ते बघा.

हनुवटी फार मागे असेल तर जीभ घशाकडे सरकून श्वास अडवते, आणि अशा बाळांत दुभंगलेली टाळू बऱ्याचदा सोबत असते. टाळू टॉर्चने बघा आणि बोटानेही चाचपा, अगदी मागच्या मऊ भागापर्यंत. पुढची दुभंग कुणाच्याही नजरेत भरते. फक्त मागची किंवा वर कातडी असलेली दुभंग हमखास सुटते. पडजीभ दोन टोकांची दिसली तर संशय बळावतो.

जिभेखालचा पडदा दिसला की तोच गुन्हेगार, असं मानायची घाई हल्ली फार होते. तो कसा दिसतो याला महत्त्व नाही. जीभ हिरडीच्या पुढे येते का, वर उचलली जाते का, बोटाभोवती द्रोणासारखी वळते का, त्यावर ठरवा. घशाशी बोट लागल्यावर ओकारीची उबळ येते की नाही यावरूनही गिळणं सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

पायरी ४ : कोरडं चोखणं

हातमोजा घातलेली करंगळी, मांसल बाजू टाळूकडे. दूध नसताना बाळ सेकंदाला साधारण दोनदा चोखतं, म्हणजे दूध पितानाच्या दुप्पट वेगाने. ताल एकसारखा आहे का, जीभ बोटाला धरून ठेवते का, किती वेळा चोखून थांबतं, थांबल्यावर आपणहून पुन्हा सुरू करतं का, हे अनुभवा.

इथे नवख्या माणसाची गफलत होते. कोरडं चोखणं उत्तम, म्हणजे पाजायला हरकत नाही, असं वाटतं. पण कोरडं चोखताना गिळायला फक्त थोडीशी लाळ असते आणि श्वास जवळपास अखंड चालतो. दूध आलं की खरी परीक्षा. कोरडं चोखणं बिघडलेलं असेल तर अडचण नक्की आहे. ते चांगलं असेल तर फक्त पुढच्या पायरीला जायची परवानगी मिळाली.

पायरी ५ : प्रत्यक्ष पाजताना

बाळ जागं, श्वास शांत, अंगात थोडा जोर आणि तोंडाने शोधाशोध चालू, असं असेल तरच पाजायला घ्या. घड्याळात तीन तास झाले हे कारण पुरेसं नाही. आई अंगावर पाजणार असेल तर तपासणीही तिथेच करा. बाटलीवर वेगळं दिसतं, आणि छातीवर चांगलं चाललेलं बाळ विनाकारण बाटलीवर तपासलं जातं.

उभं कुठे राहायचं? जिथून चेहरा, छाती आणि मॉनिटर तिन्ही दिसतील तिथे. दुपट्यात गुंडाळलेलं असेल तर छाती मोकळी करा.

पहिली दोन मिनिटं डोळ्यांत तेल घालून बघा. भूक तीव्र असते, दुधाचा ओघही जोरात असतो, छातीवर असेल तर पान्हा नुकताच फुटलेला. अपुऱ्या दिवसांचं बाळ इथे सलग चोखत-गिळत राहतं आणि श्वास घ्यायचं विसरतं. ऑक्सिजन उतरतो, ठोके मंदावतात. त्रास सुरुवातीलाच होतो की पंधराव्या मिनिटाला, हे वेगळं नोंदवा. सुरुवातीचा त्रास सांगड न बसल्याचा, उशिराचा त्रास दमल्याचा. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

मग ताल बघा. पूर्ण दिवसांचं बाळ एका दमात १० ते ३० वेळा चोखतं आणि त्या दमातच श्वास मिसळतं. सुरुवातीला एक चोखणं, एक गिळणं, एक श्वास असा मेळ असतो. दुधाचा ओघ कमी झाला की एका घोटाला दोन-तीन वेळा चोखावं लागतं. अपक्व बाळ तीन ते पाच वेळा चोखून थांबतं, श्वास घेतं, पुन्हा चोखतं. ३४ व्या आठवड्यात हे ठीकच आहे, उलट त्याचं ते शहाणपण आहे. मात्र पूर्ण दिवसांचं, दोन आठवड्यांचं बाळ असंच पीत असेल तर ते नोंदवण्यासारखं आहे.

बाळ बोलत नाही, पण सांगत बरंच असतं. भुवया आक्रसणं, डोळे मोठे करणं, बोटं फाकवणं, मान मागे टाकणं, ओठांच्या कडेने दूध सोडून देणं, एकदम ढिलं पडणं, ओठांभोवती निळसर छटा येणं. त्यातलं ओठांतून दूध सोडणं म्हणजे घाणेरडं पिणं नव्हे. घशाशी आलेलं जास्तीचं दूध बाळ बाहेर काढतंय. अशा वेळी निपल फिरवून, हलवून, गाल दाबून ‘अजून थोडं’ घालणं मला तरी अक्षम्य वाटतं. पेंगलेल्या बाळाच्या तोंडात दूध ओतता येतं, पण त्याला पाजणं म्हणत नाहीत.

कानही उघडे ठेवा. पिऊन झाल्यावर घशात घुरघुर, ओला आवाज, मोठे आवाजी घोट, श्वास आत ओढतानाची शीळ, प्रत्येक चोखण्याला जिभेची टकटक. मानेवर स्टेथोस्कोप ठेवून गिळण्याचा आणि श्वासाचा ताल ऐकता येतो, तो जरूर ऐका. पण केवळ त्यावर दूध श्वासनलिकेत गेलं किंवा गेलं नाही, असं लिहू नका.

आणि ठसक्याबद्दल. ठसका लागत नाही म्हणजे दूध श्वासमार्गात जात नाही, हा समज सगळ्यात धोकादायक आहे. लहान, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळात स्वरयंत्राला दूध लागलं तर खोकल्याऐवजी श्वासच थांबतो आणि ठोके मंदावतात. काही बाळांत बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे पिताना मॉनिटरची घंटा वाजली तर ‘प्रोब सरकला असेल’ म्हणण्याआधी बाळाच्या ओठांकडे बघा.

ठोके १०० च्या खाली गेले, श्वास थांबला, रंग बदलला, ऑक्सिजन विभागाने ठरवलेल्या मर्यादेखाली उतरला किंवा बाळ लुळं पडलं, की दूध लगेच थांबवा. बाळाला सरळ धरा, सावरू द्या. त्या वेळचं उरलेलं दूध नळीने द्या. पुन्हा तोंडाने प्रयत्न त्याच बैठकीत नको.

पायरी ६ : एका वेळी एकच बदल

अडचण दिसली की काय केल्याने ती कमी होते हेही तपासणीतच येतं. पण एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

बाटलीवर असेल तर आधी ओघ कमी करा. निपलच्या खोक्यावरच्या ‘स्लो’ या शब्दावर विसंबू नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ‘स्लो’ निपलांतून येणाऱ्या दुधात बराच फरक असतो. मग बाळाला कुशीवर, डोकं थोडं उंच ठेवून पाजून बघा. त्यानंतर दर तीन-पाच चोखण्यांनंतर बाटली खाली झुकवून निपल रिकामं करा, म्हणजे श्वासाला जागा मिळते. अंगावर पाजताना पान्हा जोराचा असेल तर आईने थोडं दूध आधी काढावं, किंवा मागे रेलून पाजावं. गालांना आधार देताना जपून. त्याने दुधाचा ओघ वाढतो, आणि ज्याला ओघच झेपत नाही त्याचं आणखी बिघडतं.

दूध घट्ट करणं हा सोपा उपाय वाटतो, पण तो स्वतःच्या मनाने कधीच करू नये. झँथन गमचा एक घट्टकारक वापरलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याचा जीवघेणा दाह आढळल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला होता : ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना तो देऊ नये.

पायरी ७ : यंत्राची मदत कधी

पाळण्याशी बघून घशातलं दिसत नाही. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, ओघ कमी करूनही ऑक्सिजन उतरणं, कायम ओला आवाज, स्वरतंतूचा संशय किंवा कारण न सापडता लांबलेलं नळीचं दूध, अशा वेळी पुढची तपासणी मागावी. व्हिडिओफ्लुरोस्कोपीत बाळ बेरियम मिसळलेलं दूध पितं आणि क्ष-किरणांखाली गिळण्याची पूर्ण क्रिया दिसते, अगदी गिळण्याच्या क्षणीचीही. त्यात किरणोत्सर्ग आहे, म्हणून ती काही मिनिटांत उरकावी लागते. शिवाय बेरियमचं दूध नेहमीच्या दुधापेक्षा दाट असू शकतं आणि अंगावर पितानाचं चित्र मिळत नाही. नाकातून बारीक दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, स्वरतंतू हलताना दिसतात, लाळ कुठे साचते ते दिसतं आणि ती छातीवर पितानाही करता येते. पण नेमक्या गिळण्याच्या क्षणी पडदा पांढरा होतो आणि काही दिसत नाही. कोणती निवडायची हे तुमच्या प्रश्नावर ठरतं, म्हणून चिठ्ठीवर ‘गिळण्याची तपासणी करावी’ एवढंच न लिहिता प्रश्न लिहा.

अर्ली फीडिंग स्किल्स, नोमास, लॅच असे गुणांकनाचे तक्ते आहेत. सगळ्यांची भाषा एक व्हावी आणि आठवड्यागणिक तुलना करता यावी यासाठी ते चांगले. दूध श्वासनलिकेत जातंय का, हे त्यांतला एकही सांगत नाही.

पायरी ८ : नोंद

‘चोखणं कमजोर, गिळणं बरं’ ही नोंद निरुपयोगी आहे. अशी लिहा : ‘आजचं गर्भवय ३५ आठवडे. पाजण्याआधी श्वास ५२, ऑक्सिजन ९६. कुशीवर, बाटलीने. पहिल्या मिनिटात सलग १२ चोखणी, श्वास नाही, ऑक्सिजन ८४, ठोके ९८, ठसका नाही. दूध थांबवलं, सरळ धरल्यावर अर्ध्या मिनिटात सावरलं. उरलेलं नळीने. पुढच्या वेळी कमी ओघाचं निपल वापरून बघायचं.’ रात्रपाळीच्या परिचारिकेला यातून काय करायचं ते कळतं. पाजण्याची जी पद्धत ठरली ती आईला हातात हात धरून दाखवा, आणि तिने पाजताना पुन्हा एकदा पूर्ण वेळ बघा. घरी जाताना तेच निपल, तीच पद्धत, आणि पुढच्या तपासणीची तारीख कागदावर असू द्या.